अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मोटरहोमने मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून आई-बाबा येणार, मुलांना सुट्टी, आणि दोन आठवडे मोटरहोम घेऊन ग्रँड कॅनियन, झायन, यलोस्टोन करायचं, हा बेत अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत दर हिवाळ्यात शिजतो. तो फिसकटतो बहुतेक एकाच कारणाने. विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, गाडीची आगाऊ रक्कम भरलेली असते आणि मग कळतं की उद्यानात मुक्कामाला जागाच नाही. किंवा जागा आहे, पण ठरवलेली गाडी तिथे मावत नाही. म्हणून ज्या क्रमाने कामं करायला हवीत त्याच क्रमाने इथे प्रश्न घेतले आहेत: आधी जागा, मग गाडी, मग बाकी सगळं.

तयारी किती आधी सुरू करायची?

जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या दिवाळीत नकाशा उघडून बसा. सरकारी कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या एकाच संकेतस्थळावर होतं, पण प्रत्येक उद्यानाची बुकिंगची खिडकी वेगळ्या दिवशी उघडते.

ग्रँड कॅनियनचं मॅथर आणि झायनचं वॉचमन ही कॅम्पग्राउंड सहा महिने आधी, रोज एक दिवस पुढे सरकत उघडतात. म्हणजे १० जुलैची रात्र हवी असेल तर १० जानेवारीला तयार राहायचं. योसेमिटी व्हॅलीतल्या पाइन्स कॅम्पग्राउंडचं तसं नाही. तिथे पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता पूर्ण महिन्याच्या तारखा एकदम सुटतात. १५ जुलै ते १४ ऑगस्टसाठी ती तारीख १५ फेब्रुवारी. यलोस्टोनमधली फिशिंग ब्रिज, मॅडिसन, कॅनियन, ग्रँट आणि ब्रिज बे ही मोठी कॅम्पग्राउंड खासगी ठेकेदाराकडे आहेत. ती त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात आणि तिथे बुकिंग वर्षभराहून आधी सुरू होतं. कितीतरी लोक यलोस्टोनची ही नावं रिक्रिएशन डॉट गव्हवर शोधतात आणि सापडली नाहीत की भरली असं समजून नाद सोडतात.

खिडकी उघडते त्या मिनिटाला नेमकं काय करायचं?

बहुतेक उद्यानांची वेळ ईस्टर्न प्रमाणे सकाळी १० ची असते. भारतात कुणाला बसवायचं असेल तर हिवाळ्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ आणि मार्च ते नोव्हेंबर साडेसात वाजलेले असतात.

खातं आधी उघडून, लॉगिन करून, कार्ड हाताशी ठेवून बसा. आदल्या दिवशी नकाशावरून सहा-आठ साइटचे (कॅम्पग्राउंडमधल्या एकेका गाडीच्या ठरलेल्या जागेचे) नंबर कागदावर काढून ठेवा. त्या मिनिटाला फोटो बघत बसलात तर साइट गेलीच. घरातल्या दोघांनी दोन वेगळ्या खात्यांवरून दोन वेगळे नंबर धरायचे, एकच नाही. साइट कार्टमध्ये पडली की पैसे भरायला १५ मिनिटं मिळतात, त्यामुळे नाव-पत्ता घाईत चुकवू नका.

रोज सरकणाऱ्या खिडकीतली एक गोम लक्षात घ्या. सलग चार रात्री हव्या असतील तर पहिल्या रात्रीची तारीख उघडली की पुढच्या रात्रीही त्याच बुकिंगमध्ये घेता येतात. म्हणजे शुक्रवारी येणाऱ्यांच्या आधीच बुधवार-गुरुवारपासून येणाऱ्यांनी चांगल्या साइट उचललेल्या असतात. रविवारी किंवा सोमवारी पोहोचायचं ठरवलंत तर जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

एवढं करूनही जागा मिळाली नाही तर?

बुकिंग हुकलं म्हणजे सहल बुडाली असं नाही. रद्द झालेल्या साइट पुन्हा यादीत येतात, विशेषतः मुक्कामाच्या आदल्या दोन आठवड्यांत, कारण अगदी शेवटच्या क्षणी रद्द केलं तर दंड जास्त बसतो आणि लोक त्याआधी सोडून देतात. रिक्रिएशन डॉट गव्हवर त्या तारखांची सूचना लावून ठेवा आणि ईमेल आला की हातातलं काम सोडून बघा.

तोवर उद्यानाच्या दाराबाहेर एक जागा धरून ठेवा: ग्रँड कॅनियनसाठी टुसायान, झायनसाठी स्प्रिंगडेल, ब्राइस कॅनियनसाठी रूबीज इन, यलोस्टोनसाठी वेस्ट यलोस्टोन. या खासगी ठिकाणी वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी मिळते आणि दोन-तीन रात्री उद्यानात काढल्यावर तशी एक रात्र हवीच असते.

उद्यानाच्या आत रस्त्याकडेला किंवा वाहनतळावर गाडी लावून झोपता येत नाही. रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, रात्री खिडकी वाजवतात. लगतच्या राष्ट्रीय वनांत आणि सरकारी मोकळ्या जमिनींवर बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, पण वाट कच्ची असते आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते.

बुकिंग रद्द केलं तर किती पैसे जातात?

रिक्रिएशन डॉट गव्हवर १० डॉलर. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर त्याशिवाय पहिल्या रात्रीचं भाडंही जातं.

केवढी गाडी घ्यावी?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांत बहुतेक 'क्लास सी' असतात: ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना. त्या साधारण २० ते २२, २५ आणि ३० फूट अशा मापांत येतात. बसगाडीसारखी दिसते ती 'क्लास ए', ३० फुटांच्या पुढे. डिलिव्हरी व्हॅनएवढी 'क्लास बी', दोघांपुरती.

सहा माणसं म्हणून ३० फुटी घ्यायचा मोह होतो. पण मॅथरची मर्यादा ३० फूट आहे, आणि ती पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंत. मागे सायकलचा स्टँड लावला की तुमची ३० फुटी गाडी ३२ ची होते. योसेमिटीच्या अपर पाइन्समध्ये मोटरहोमला कमाल ३५ फूट आहे, पण ती कॅम्पग्राउंडची मर्यादा. प्रत्येक साइटची वेगळी असते आणि मोठ्या साइट मोजक्या. म्हणजे पाच फूट वाढवले की निवडायला उरणाऱ्या साइट झपाट्याने कमी होतात. चार माणसांना २५ फुटी पुरते. सहा जण असतील तर एक मोठी गाडी घेण्याऐवजी २५ फुटी मोटरहोम आणि सोबत एक साधी कार, हा आमच्या मते शहाणा हिशेब. कारने घाटरस्ते फिरता येतात, मोटरहोम साइटवर उभी राहते. फक्त एका साइटवर किती वाहनं चालतात ते बुकिंग करताना बघा.

बिछान्यांची संख्या बघून गाडी ठरवू नका, सीटबेल्ट मोजा. 'सहा जण झोपू शकतात' असं लिहिलेल्या गाडीत बेल्ट पाचच असू शकतात. लहान मुलाची कारसीट पुढे तोंड असलेल्या सीटवरच बसवायची, आडव्या सोफ्यावर नाही. आणि आजी-आजोबांना ड्रायव्हरच्या वरचा बिछाना देऊ नका. रात्री दोनदा त्या शिडीवरून उतरणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नाही.

साइटच्या वर्णनात काय वाचायचं?

'बॅक-इन' म्हणजे गाडी मागे घेत आत घालायची, 'पुल-थ्रू' म्हणजे एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर. पहिल्यांदाच चालवत असाल तर पुल-थ्रूसाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील. 'ड्राइव्हवे लेंग्थ' हा आकडा तुमच्या गाडीपेक्षा दोन-तीन फूट तरी मोठा हवा.

मागे घेताना एक जण खाली उतरून ड्रायव्हरला आरशात दिसेल असा उभा राहू द्या. तो आरशात दिसेनासा झाला की ब्रेक, मग पुढचं बोलणं. वर झाडाची फांदी आहे का हेही त्यानेच बघायचं, कारण ड्रायव्हरला छप्पर दिसत नाही.

कोणत्या रस्त्यांवर मोटरहोम नेता येत नाही?

जीपीएस तुम्हाला कारवाला समजून रस्ता दाखवतो. त्यामुळे ही ठिकाणं पाठ असलेली बरी.

झायन: पूर्वेकडे जाणारा झायन-माउंट कार्मेल रस्ता १९३० साली पुरा झालेल्या, सव्वा मैलाच्या आतल्या अरुंद बोगद्यातून जातो. वर्षानुवर्षं ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाड्यांसाठी पैसे घेऊन समोरची वाहतूक थांबवत असत. २०२६ च्या मध्यापासून अशा मोठ्या गाड्यांना तो रस्ता बंद करण्याचा निर्णय झाला आहे. रुंदी आरशांसकट मोजतात, म्हणजे भाड्याची जवळपास प्रत्येक क्लास सी यात अडकते. झायनहून ब्राइसला जाताना मग पश्चिमेकडून बाहेर पडून आय-१५ महामार्गाने उत्तरेला, तिथून यूटा २०, यूएस ८९ आणि यूटा १२ असा वळसा घ्यावा लागतो. तासभर जास्त धरा. कनाबकडे जायचं असेल तर हरिकेनवरून यूटा ५९ आणि ॲरिझोना ३८९.

ग्लेशियर: गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही. म्हणजे मोटरहोम खालीच. वर शटलने, टूरच्या गाडीने किंवा आपल्या कारने जायचं.

सेक्वोया: जनरल्स हायवेवर पॉटविशा ते जायंट फॉरेस्ट या वळणावळणांच्या टप्प्यात २२ फुटांहून लांब गाडी नेऊ नये असा सल्ला आहे. मोटरहोमने जायचंच तर फ्रेस्नोकडून, हायवे १८० ने.

ग्रँड टीटन: मूस-विल्सन रोडवर मोटरहोम आणि ट्रेलरना मनाई.

डेथ व्हॅलीचा रस्ता सरळ आहे, पण उन्हाळ्यात तिथे गाडी नेली तर अनेक कंपन्यांच्या करारात मदत आणि विमा दोन्ही सुटतात. करारातली ती ओळ शोधून वाचा.

उद्यानात वीज-पाण्याची जोडणी मिळते का?

बहुतेक ठिकाणी नाही. मॅथरमध्ये नाही, योसेमिटीत कुठेच नाही, ब्राइसच्या दोन्ही कॅम्पग्राउंडमध्ये नाही. वॉचमनमध्ये काही साइटना फक्त वीज आहे. पूर्ण जोडणी हवी तर ग्रँड कॅनियनचं ट्रेलर व्हिलेज (५० फुटांपर्यंतच्या गाड्या मावतात) आणि यलोस्टोनचं फिशिंग ब्रिज. दोन्ही महाग आणि दोन्ही आधी भरतात.

मग जनरेटर चालवून एसी लावता येईल?

ठरावीक वेळीच. योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. वॉचमनमध्ये जनरेटर अजिबात चालत नाही. रात्रभर एसी हे डोक्यातून काढून टाका. उन्हाळ्यात गारवा हवा असेल तर उंचावरचं कॅम्पग्राउंड निवडा.

जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, तासाला साधारण अर्धा ते पाऊण गॅलन. टाकी पावपेक्षा खाली गेली की तो मुद्दाम बंद पडतो, म्हणजे तुम्ही अडकून पडू नये. 'जनरेटर बिघडला' म्हणून येणाऱ्या कितीतरी फोनांमागे एवढंच कारण असतं. पंपावर जा आणि टाकी भरा.

जोडणीशिवाय बॅटरी किती टिकते?

दिवे, पाण्याचा पंप, पंखे आणि हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या घर-बॅटरीवर चालतात. १०० अँपिअर-तासाची साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, पुढे खेचली तर ती लवकर मरते. हीटर गॅसवर चालतो हे खरं, पण गरम हवा ढकलणारा पंखा ७-८ अँपिअर घेतो. थंड रात्री दहा तासांत तो पाच तास फिरला तर ४० अँपिअर-तास संपले. त्यात चार जणांचे फोन, दिवे, पंप. पहाटे चारला हीटर गप्प होतो आणि घरभर कुडकुडणं सुरू होतं.

उपाय साधा आहे. रात्री थर्मोस्टॅट १५-१६ सेल्सिअसवर ठेवा आणि जाड पांघरुणं घ्या. संध्याकाळच्या परवानगीच्या वेळात जनरेटर पूर्ण दोन तास चालवा. बॅटरीचा आकडा दाखवणारा पडदा असेल तर १२.६ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. भिंतीतले १२० व्होल्टचे सॉकेट जोडणी किंवा जनरेटर असतानाच चालतात, त्यामुळे रात्री श्वासाचं यंत्र लावून झोपणारे आजोबा सोबत असतील तर वीज असलेली साइटच घ्या.

जोडणी असूनही फ्यूज का उडतो?

३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट, एवढंच. एसी १२-१३ अँपिअर खातो, मायक्रोवेव्ह तेवढाच, इंडक्शनची शेगडी पूर्ण आचेवर १५, इलेक्ट्रिक कुकर ८-९. एसी चालू ठेवून मायक्रोवेव्हमध्ये दूध आणि बाजूला भाताचा कुकर लावलात की गेलंच. एसी सोडून एका वेळी एकच मोठी वस्तू, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाणी किती लागतं?

२५ फुटी गाडीत ताज्या पाण्याची टाकी साधारण ४० गॅलनची, म्हणजे १५० लिटर. शॉवर सुरू ठेवून तीन मिनिटं अंघोळ केली तर सहा गॅलन जातात; चार जणांच्या एका अंघोळीत टाकी अर्ध्याहून जास्त रिकामी. अंग भिजवा, नळ बंद, साबण लावा, मग धुवा: दोन गॅलनमध्ये होतं. बादली-तांब्याची सवय असलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. मॅथरजवळ पैसे भरून गरम शॉवर आणि कपडे धुण्याची सोय आहे, ती वापरा.

पिण्याचं पाणी भरायला पांढरी, पिण्यायोग्य असं लिहिलेली नळीच घ्या, आणि नळाला जोडताना मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर बसवा. काही कॅम्पग्राउंडमधल्या पाण्याच्या जोराने आतल्या प्लास्टिकच्या नळ्यांचे सांधे सुटतात. भरलेल्या टाकीचं वजन दीडशे किलो होतं. घाट चढायचा असेल आणि वर नळ असेल तर टाकी वर जाऊन भरा.

संडासच्या टाकीचं काय? हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा असतो.

आणि विचारायलाच हवा. गाडीखाली दोन टाक्या असतात. 'ग्रे' टाकीत अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी, 'ब्लॅक' टाकीत संडासचं. त्या रिकाम्या करायची जागा म्हणजे डम्प स्टेशन.

रबरी हातमोजे घाला. तीन इंची नळी आधी गाडीला, मग जमिनीतल्या भोकाला घट्ट बसवा आणि तिचं तोंड पायाने किंवा दगडाने दाबून धरा. आधी ब्लॅकची झडप उघडा. आवाज थांबला की बंद करा. मग ग्रेची उघडा. साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते. क्रम उलटा केलात तर नळीत काय उरतं ते सांगायला नको. शेवटी तिथल्या धुण्याच्या नळाने नळी स्वच्छ करा. तो नळ पिण्याचा नाही, त्याला पांढरी नळी लावू नका. मग ब्लॅक टाकीत दोन-तीन गॅलन पाणी आणि औषधाची गोळी.

पूर्ण जोडणी असलेल्या साइटवर लोक ब्लॅकची झडप उघडीच ठेवतात. चूक आहे. पाणी वाहून जातं, घट्ट भाग खाली साचून वाळतो आणि मग तो काही केल्या निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची.

पाण्याने धुण्याची सवय असेल तर बेधडक वापरा, फक्त हिशेब धरा. एका वेळी लिटरभर, चार माणसं, दिवसाला पाच वेळा: २० लिटर, म्हणजे पाच गॅलन, फ्लशचं वेगळं. पंचवीस-तीस गॅलनची टाकी तीन-चार दिवसांत भरते. कागद वापरणाऱ्यांनी लवकर विरघळणारा कागदच वापरावा. ओले वाइप्स, त्यांवर काहीही लिहिलेलं असो, टाकीत नाही.

आणि टाकीचे सेन्सर खोटं बोलतात. कागद चिकटला की रिकामी टाकी भरलेली दाखवते. दिवस मोजा.

आपला स्वयंपाक होतो का?

छान होतो, दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तर.

फोडणी आत करू नका. मोहरी तडतडली आणि लाल मिरची पडली की डोक्यावरचा धूर-अलार्म ओरडतो आणि शेजारची साइटही जागी होते. दुमडणारी गॅसची शेगडी सोबत घ्या, फोडणी बाहेरच्या टेबलावर. किंवा घरीच फोडणीचं तेल करून बाटलीत भरून आणा, वरून घातलं की झालं. अलार्मची बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नाही. त्याच्याच शेजारी गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म असतात.

ब्राइस आणि यलोस्टोन आठ हजार फुटांच्या आसपास आहेत. तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी कचवट राहते. तीन-चार लिटरचा कुकर न्या आणि घरच्यापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. मूगडाळ-तांदळाची खिचडी, पिठलं, भिजवायला न लागणारं थालीपिठाचं पीठ, मेतकूट: पहिल्या चार दिवसांचा बेत एवढ्यावर निघतो.

सिंकमध्ये चहाचा चोथा, भाताची शितं आणि तेल जाऊ देऊ नका. खालचा वाकडा पाइप तुंबतो आणि ग्रे टाकीला वास सुटतो. ताटं आधी कागदाने पुसा, मग धुवा. हळदीचा डाग प्लास्टिकच्या ओट्यावर बसला की निघत नाही, आणि सफाईचे पैसे अनामत रकमेतून जातात.

फ्रिजबद्दल: जुन्या धाटणीचा गॅसवर चालणारा फ्रिज गाडी तिरकी उभी असेल तर गार होत नाही, कारण त्यातलं अमोनियाचं द्रावण उतारानेच फिरतं. चाकाखाली फळ्या घालून गाडी समतल करा. तो गार व्हायला आठ-दहा तास घेतो, तेव्हा ताब्यात घेताना सुरू असेल याची आधीच विनंती करा.

अस्वलांचं किती मनावर घ्यायचं?

पूर्ण. फिशिंग ब्रिजमध्ये तंबू किंवा कापडी भिंतींची गाडी चालतच नाही, कारण तिथे ग्रिझली फिरतात. बाहेर जेवलात तर उठताना टेबल मोकळं: अन्न, तेलाची बाटली, कुत्र्याचं खाणं, टूथपेस्टसुद्धा आत. भांड्यांचं पाणी झुडपात ओतायचं नाही. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, बाकी प्राण्यांपासून २५ यार्ड लांब राहायचा नियम आहे. बायसन, म्हणजे तिथला गवा, शांत दिसतो, तो फसवा.

भारतातून आलेल्यांना प्रवेश शुल्क वेगळं आहे का?

हो, १ जानेवारी २०२६ पासून. अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला ११ मोठ्या उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर आहेत. ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस, यलोस्टोन, ग्रँड टीटन, योसेमिटी, ग्लेशियर, सेक्वोया-किंग्ज कॅनियन ही त्यांतलीच. परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा, रहिवाशांचा ८० चा. दोन-तीन उद्यानं करणाऱ्या पाहुण्या कुटुंबाला पासच परवडतो. रहिवासी पाससाठी अमेरिकी सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून सगळ्यांची कागदपत्रं पुढच्या कप्प्यात ठेवा.

भारताच्या लायसन्सवर मोटरहोम चालवता येते?

भाड्याच्या बहुतेक गाड्यांना साधं कारचं लायसन्स पुरतं. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. तो भारतातच आरटीओकडून काढावा लागतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. वयाची अट कंपनीगणिक बदलते. तुमच्या कारचा विमा भाड्याच्या मोटरहोमला बहुधा लागू होत नाही, आणि कंपनीच्या विम्यातून छपराचं नुकसान अनेकदा वगळलेलं असतं.

दिवसाला किती मैल धरायचे?

अडीचशे, त्याहून जास्त नाही. जीपीएसच्या वेळेत एक चतुर्थांश वाढवा. अंधार पडायच्या आत साइटवर पोहोचायचं हे पक्कं ठरवा, कारण रात्री मोटरहोम मागे घेणं अनुभवी माणसालाही नको वाटतं. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवलात तर ते तापून निकामी होतात. गिअर खाली घ्या, 'टो-हॉल' बटण असेल तर दाबा.

इंधनाचा अंदाज: गॅलनला ८ ते १० मैल. ९०० मैलांच्या फेरीला शंभर गॅलन धरा. दिवसाच्या भाड्यावर मैलाप्रमाणे आकार, जनरेटरचे तास, भांडी-पांघरुणांचा संच आणि सफाई वेगळी लागते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना नुसतं दिवसाचं भाडं बघू नका.

कधी जावं?

शाळांची अडचण नसेल तर सप्टेंबर. यलोस्टोनचे बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गाड्यांना बंद असतात. ग्लेशियरचा वरचा रस्ता बऱ्याचदा जूनअखेर किंवा जुलैत पूर्ण उघडतो. ग्रँड कॅनियनची दक्षिण कडा बारा महिने खुली, पण ती सात हजार फुटांवर आहे आणि मार्चमध्येही रात्री गोठवतात. तापमान शून्याखाली जाणार असेल तर बाहेरची पाण्याची नळी काढून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना काय बघायचं?

घाई करू नका, पूर्ण एक तास द्या आणि सगळं स्वतःच्या हाताने चालवून बघा: शेगडी, हीटर, गरम पाणी, पंप, जनरेटर, फ्रिज, दोन्ही झडपा. छपराचा, कोपऱ्यांचा आणि काचेचा व्हिडिओ काढा. सुटं चाक आहे का विचारा, अनेक गाड्यांत नसतं. गाडीची उंची कागदावर लिहून स्टीअरिंगसमोर चिकटवा. क्लास सी बारा फुटांच्या आसपास असते आणि खाण्याच्या दुकानांच्या ड्राइव्ह-थ्रूची छतं त्याखाली असतात. मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो, म्हणून पेट्रोलपंपावरून निघताना लगेच स्टीअरिंग वळवलंत तर शेपटी खांबाला लागते. आधी सरळ पुढे या, मग वळा.

निघताना दर वेळी एक फेरी: जोडणीची वायर काढली, नळी काढली, पायरी आत, बाहेरचं कापडी छत गुंडाळलेलं, छताची खिडकी बंद, फ्रिजची कडी लागलेली, ओट्यावर काही नाही. ही यादी दारावर चिकटवा आणि वाचायचं काम घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याला द्या. तो काही सोडत नाही.

परत करताना?

आदल्या रात्री डम्प स्टेशन असलेल्या ठिकाणी मुक्काम ठेवा आणि सकाळी दोन्ही टाक्या रिकाम्या करून निघा. नाहीतर त्याचा वेगळा आकार लागतो, आणि तो चांगलाच असतो. पेट्रोल घेतलं होतं तेवढं भरा. बहुतेक कंपन्यांची परतीची वेळ सकाळची असते, त्यामुळे त्याच दुपारचं विमान घेऊ नका.